हातांनी बोलणारे गाव: बालीतील बेंगकाला

बाली म्हटले की बहुतेकांना दक्षिणेकडचे समुद्रकिनारे आणि भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेते आठवतात. बेटाच्या उत्तरेकडचा बुलेलेंग जिल्हा मात्र पर्यटकांच्या वाटेवर फारसा येत नाही. सिंगराजा हे त्याचे मुख्य शहर असून डच अमलात बालीचा कारभार तेथूनच चालत असे. या शहराच्या पूर्वेला, कुबुतांबाहान तालुक्यात, किनाऱ्यापासून थोडे आत बेंगकाला नावाचे सातशेहून अधिक वर्षे जुने गाव आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते आसपासच्या शेतकरी आणि मजुरांच्या गावांसारखेच दिसेल. तरीही १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अभ्यासात गावाची लोकसंख्या २,१८५ नोंदवली गेली आणि त्यातील २.२ टक्के लोक जन्मतः पूर्ण बहिरे असल्याचे आढळले. एरवी जगात जन्मतः गंभीर श्रवणदोष असलेले मूल हजारात एखाददुसरे असते. येथे ते प्रमाण हजारी बावीस होते.

पण बेंगकालाचे वेगळेपण केवळ या आकड्यात नाही. कित्येक पिढ्यांपासून गावात हातांनी बोलली जाणारी एक स्वतंत्र भाषा नांदते आहे आणि ती बहिऱ्यांपुरती मर्यादित राहिलेली नाही. ज्यांना उत्तम ऐकू येते असे शेजारी, नातेवाईक आणि खेळगडीही ती शिकतात आणि वापरतात. अभ्यासकांच्या अंदाजानुसार गावातील हजाराहून अधिक ऐकणाऱ्यांना ती कमीअधिक प्रमाणात येते. म्हणजे एकेका बहिऱ्या माणसामागे त्याची भाषा जाणणारी वीस-पंचवीस ऐकणारी माणसे झाली.

बालीमध्ये या गावाला ‘देसा कोलोक’ असे म्हणतात. ‘देसा’ म्हणजे गाव, आणि तो आपल्या ‘देश’ या शब्दाशी थेट नाते सांगतो. ‘कोलोक’ म्हणजे बहिरा. गावातील भाषेचे नाव ‘काता कोलोक’, म्हणजे बहिऱ्यांचे बोलणे. त्यातील ‘काता’ हा संस्कृत ‘कथा’वरून तेथे रुळलेला शब्द आहे. हातांच्या खुणांना ‘बोलणे’ म्हणणारे हे नाव मला फार योग्य वाटते. मराठीत आपण ‘मुकाबहिरा’ किंवा ‘मूकबधिर’ असा जोडशब्द सहज वापरतो आणि बहिरेपणाबरोबर मुकेपणही येणारच असे त्यातून नकळत मान्य करून टाकतो. बहिरेपण कानात असते. मुकेपण मात्र बहुतेक वेळा मुलाला समजेल अशी भाषा भोवतालच्या कोणाकडेच नसल्यामुळे वाट्याला येते. बेंगकालाची हकिगत या दोन गोष्टींमधील फरकाची आहे, आणि म्हणून येथील बहिरेपण कोठून आले व भाषा कोठून आली हे दोन प्रश्न वेगवेगळे समजून घ्यावे लागतात.

बहिरेपणाविषयी गावाच्या स्वतःच्या समजुती आहेत. जादूटोणा जाणणाऱ्या दोघांचे भांडण झाले आणि त्यांनी एकमेकांना बहिरेपणाचा शाप दिला, अशी एक कथा सांगितली जाते. स्मशानाशी संबंध असलेला ‘देवा कोलोक’ नावाचा बहिरा देवही गावाच्या श्रद्धेत आहे. गावाने बहिरेपणाला देवादिकांतही जागा दिली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे या गावाने आपल्या बहिऱ्या माणसांना जसे वागवले त्याच्याशी ती सुसंगत आहे.

विज्ञानाचे उत्तर १९९०च्या दशकात इंडोनेशियाच्या आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून शोधले. आपल्या शरीरातील बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एखाद्या कुलपाच्या दोन किल्ल्या असाव्यात तशी ही व्यवस्था आहे: एक किल्ली मोडकी निघाली तरी दुसरीने कुलूप उघडते आणि घरात कोणाला काही अडचण जाणवत नाही. दोन्ही मोडक्या निघाल्या तरच दार बंद राहते. बेंगकालातील बहिरेपण या प्रकारचे आहे. अशा दोषाला अप्रभावी दोष म्हणतात. सदोष प्रत एकच असेल तर माणसाला नीट ऐकू येते, पण ती प्रत तो पुढच्या पिढीला देऊ शकतो, म्हणून त्याला वाहक म्हणतात. गावातील ऐकणाऱ्या माणसांपैकी सुमारे १७.२ टक्के, म्हणजे साधारणपणे दर सहा माणसांमागे एक, असा वाहक असावा असे संशोधकांनी मांडले.

यावरून घरोघरी काय घडते याचा हिशेब करता येतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर दोघांनाही ऐकू येत असते, तरीही त्यांच्या प्रत्येक मुलाला बहिरेपण येण्याची शक्यता चारात एक असते. एक पालक बहिरा आणि दुसरा वाहक असेल तर ती शक्यता दोनात एक होते. एक बहिरा आणि दुसऱ्याच्या दोन्ही प्रती निर्दोष असतील तर सर्व मुलांना ऐकू येते, मात्र ती सर्वच्या सर्व वाहक असतात. गावातीलच दोन बहिऱ्यांचे लग्न झाले तर त्यांच्याकडे द्यायला निर्दोष प्रत नसल्यामुळे सगळी मुले बहिरी होतात. कोणाच्या घरात बहिरे मूल जन्मेल हे त्यामुळे आधी सांगता येत नाही. ज्या घराण्यात दोन पिढ्या कोणी बहिरे नव्हते तेथेही पाळणा हलू लागल्यावर हाका ऐकू न येणारे मूल असू शकते. बहिरेपण ही ‘त्यांची’ गोष्ट न राहता कोणाच्याही घराची गोष्ट होते, आणि गावाने भाषा शिकण्यामागे हेही एक कारण असले पाहिजे असे मला वाटते.

एकाच गावात हा दोष इतका साचला कसा? पूर्वी कधीतरी एका पूर्वजाच्या जनुकात बदल झाला असावा. गाव लहान होते आणि लग्ने बहुतांशी गावातल्या गावात होत, त्यामुळे ती प्रत बाहेर पांगली नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या आतच फिरत राहिली. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही, कारण वाहकाला आपण वाहक आहोत हे कळण्याचा मार्गच नव्हता. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांमध्ये आहे. तेथेही गणित हेच लागू होते, फक्त गावाच्या जागी घराणे येते. पती आणि पत्नीचे आजोबा किंवा आजी एकच असल्यामुळे दोघांकडे तीच सदोष प्रत आलेली असण्याची शक्यता वाढते, आणि म्हणूनच नात्यातील लग्नांच्या बाबतीत डॉक्टर सावधगिरी सुचवतात.

१९९५ साली संशोधकांनी हा दोष १७ व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले आणि १९९८ साली नेमके जनुक हाती लागले. त्याचे नाव ‘मायो-१५-ए’. या शोधात एका उंदराचा मोठा वाटा आहे. प्रयोगशाळांमध्ये ‘शेकर-२’ नावाची उंदरांची एक जात पूर्वीपासून माहीत होती. हे उंदीर बहिरे असतात आणि स्वतःभोवती गिरक्या घेत राहतात. त्यांच्यातील सदोष जनुक उंदराच्या गुणसूत्रावर ज्या भागात असावे असे दिसत होते, तो भाग माणसाच्या १७ व्या गुणसूत्रावरील संशयित भागाशी जुळत होता. उंदरात जनुक सापडले आणि मग बेंगकालाच्या बहिऱ्या माणसांच्या नमुन्यांत त्याच जनुकात बदल असल्याचे दिसून आले. या कामात बेंगकालाबरोबर भारतातील दोन कुटुंबांचाही अभ्यास झाला होता. त्यांचे बेंगकालाशी काही नाते नव्हते, एकमेकांशीही नव्हते, आणि तिन्ही ठिकाणी एकाच जनुकात बदल होऊन बहिरेपण आले असले तरी ते बदल स्वतंत्रपणे घडलेले होते. बेंगकालाच्या शेजारच्या बिला गावातील एका कुटुंबात मात्र बेंगकालाचाच बदल सापडला. शेजारच्या गावांत सोयरीक झाली की हे होणारच.

या जनुकाचे काम काय? आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात विशिष्ट पेशी असतात आणि प्रत्येक पेशीच्या डोक्यावर अतिशय सूक्ष्म रोमांचा झुपका असतो. हे रोम सारख्या उंचीचे नसतात, तर जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे चढत्या ओळींत उभे असतात. आवाजाच्या लहरींनी आतील द्रव हलला की हे रोम वाकतात, त्यातून विद्युतसंकेत तयार होतो आणि तो मेंदूकडे जातो. रोम पुरेसे उंच वाढण्यासाठी लागणारा माल त्यांच्या टोकापर्यंत पोचवावा लागतो, आणि ते हमालीचे काम या जनुकापासून तयार होणारे एक प्रथिन करते. साडेतीन हजारांहून अधिक अमिनो आम्लांची ती लांबलचक साखळी आहे. बेंगकालाच्या बहिऱ्या माणसांमध्ये या संपूर्ण साखळीत एकाच ठिकाणी एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे आलेले आहे. ‘शेकर-२’ उंदरांच्या कानात पाहिले तर रोम खुरटे राहिलेले दिसतात. तसे रोम ध्वनी पकडू शकत नाहीत.

हा बदल बुद्धीला धक्का लावत नाही आणि त्यासोबत दुसऱ्या कोणत्याही आजारांचा संच येत नाही. बाळ जन्मते तेव्हा त्याची भाषा शिकण्याची क्षमता शाबूत असते, फक्त कानांची वाट बंद असते. डोळ्यांची वाट उघडी असते आणि त्या वाटेने भाषा मिळाली तर ते मूल कोणत्याही मुलाप्रमाणे बोलायला शिकते.

आता भाषेकडे वळू. अभ्यासकांच्या मते काता कोलोक सुमारे दीडशे वर्षांपूर्वी आकाराला आली. एखाद्या घरात एकच बहिरे मूल असेल तर ते आणि त्याची आई मिळून काही खुणा तयार करतात. भूक, पाणी, झोप, अमुक काका, एवढ्यापुरत्या त्या पुरतात आणि ते मूल गेले की त्याही जातात. त्या खुणांची भाषा होण्यासाठी एकाच वेळी अनेक बहिरी माणसे असावी लागतात, ती सतत एकमेकांना भेटावी लागतात, आणि पुढच्या पिढीतील बाळांनी त्या खुणा पाळण्यापासून पाहिलेल्या असाव्या लागतात. अशी बाळे ऐकलेले, किंवा येथे पाहिलेले, जसेच्या तसे उचलत नाहीत. ती त्यात नियम बसवतात आणि भाषा पक्की करतात. बेंगकालात हे सर्व जुळून आले. शहरांतील सांकेतिक भाषा बहुधा कर्णबधिरांच्या शाळांभोवती वाढलेल्या आहेत. निकाराग्वात १९७०च्या दशकाच्या अखेरीस अशी एक भाषा अभ्यासकांच्या डोळ्यांदेखत जन्माला आली. गावातून उगवलेल्या भाषा विरळ असतात. अमेरिकेतील मार्थाज् व्हिनयार्ड बेटावर अशी भाषा होती आणि ती विसाव्या शतकात लोपली. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात अल-सय्यद या बेदुइन वस्तीत आणि घानाच्या अदामोरोबे गावात अशा भाषा आहेत.

खाणाखुणांना व्याकरण कसले, असे अनेकांना वाटते. बाली भाषेचे हातांनी केलेले रूपांतर म्हणजे काता कोलोक, असेही कोणी समजेल. दोन्ही समज चुकीचे आहेत. तिची रचना बालीहून वेगळी आहे आणि इंडोनेशियाच्या शहरांतील सांकेतिक भाषांशीही तिचा वंश जुळत नाही. बालीतील अभ्यासक ई गदे मारसाजा यांनी २००८ साली आणि डच भाषाशास्त्रज्ञ कॉनी द व्होस यांनी २०१२ साली तिचा सविस्तर अभ्यास मांडला. त्यातील तिच्या बोट दाखवण्याच्या पद्धतीवर थोडे थांबले पाहिजे.

आपण शहरात ‘डावीकडे वळा’ असे म्हणतो, पण खेड्यात ‘उगवतीकडचे शेत’, ‘वरची आळी’ अशी भाषा आजही ऐकू येते. पहिल्या पद्धतीत दिशा बोलणाऱ्याच्या अंगावरून ठरते आणि दुसरीत जमिनीवरून. बाली भाषा दुसऱ्या प्रकारची आहे. तेथे ‘काजा’ म्हणजे डोंगराकडे आणि ‘केलोद’ म्हणजे समुद्राकडे. त्यामुळे दक्षिण बालीत ‘काजा’ म्हणजे उत्तर होते, तर बेंगकाला उत्तर किनाऱ्याजवळ असल्याने तेथे ‘काजा’ म्हणजे दक्षिण. काता कोलोकही जमिनीला धरून आहे, पण ती त्यासाठी शब्द न वापरता प्रत्यक्ष त्या दिशेला बोट करते. समोर नसलेल्या माणसाविषयी बोलायचे असेल तर त्याच्या घराच्या दिशेला बोट दाखवता येते, मग ते घर नजरेआड असले तरी चालते. शेजारच्या गावाविषयी सांगायचे तर ते गाव खरोखर ज्या बाजूला आहे त्या बाजूला. ही भाषा बोलणाऱ्याच्या मनात अख्ख्या गावाचा नकाशा सदैव जागा असावा लागतो, आणि ऐकणाऱ्याच्या, म्हणजे पाहणाऱ्याच्याही.

दिवसातील वेळ सांगण्याची रीतही अशीच आकाशाला धरून आहे. त्या वेळी सूर्य आकाशात जेथे असतो तेथे हात न्यायचा: पूर्वेच्या क्षितिजाजवळ नेला की सकाळ, डोक्यावर नेला की दुपार, पश्चिमेकडे उतरवला की संध्याकाळ. हा पूर्व-पश्चिमेचा हिशेब कागदावरचा नसून खरा असतो. बोलणारा दुसरीकडे तोंड करून बसला तर ‘सकाळ’ सांगताना त्याचा हात त्याच्या शरीराच्या दुसऱ्याच बाजूला जातो.

रंगांबाबतचा निष्कर्ष याहून अनपेक्षित आहे. काता कोलोकमध्ये रंगांसाठी चारच रूढ खुणा आढळल्या: काळा, पांढरा, तांबडा, आणि निळा-हिरवा मिळून एक. इतर रंग सांगायचे तर त्या रंगाच्या वस्तूचे नाव घेतात किंवा जवळपास तो रंग जेथे दिसत असेल तेथे बोट ठेवतात. बालीच्या धार्मिक जीवनात प्रत्येक दिशेचा रंग ठरलेला असतो आणि पश्चिमेचा पिवळा त्यात महत्त्वाचा आहे. तरीही त्याची खूण भाषेत तयार झाली नाही. संस्कृती आणि शेजारची भाषा जे देईल ते सगळे सांकेतिक भाषा उचलते असे नाही, हे यातून दिसते. मोठ्या शहरी सांकेतिक भाषांत रंगांचे शब्द पुष्कळ असतात. लहान गावात बोलणारे एकमेकांच्या घरची भांडीकुंडी आणि झाडे ओळखतात, त्यामुळे वस्तूकडे बोट केले तरी भागते. याला मी भाषेचे दारिद्र्य म्हणणार नाही. चार माणसांच्या घरात ‘ते तिकडचे दे’ एवढ्याने कळते, तसेच हे आहे.

सामाजिक बाजू सांगताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. बेंगकाला हा बहिऱ्यांचा स्वर्ग नाही. येथील बहुतेक बहिरी माणसे शेतमजुरी आणि अंगमेहनतीची कामे करत आली आहेत, आणि कितीतरी वर्षे त्यांना शाळेचे तोंडही पाहायला मिळाले नाही. परंतु त्यांची लग्ने होतात, संसार होतात, ती भांडतात, थट्टा करतात, गावाच्या कामांत भाग घेतात. अंत्यविधीसाठी खड्डा खणणे, पाण्याच्या वाहिन्यांची देखभाल, गावाची राखण अशी कामे पारंपरिकपणे बहिऱ्या पुरुषांकडे आहेत आणि त्यांना त्याबद्दल मान आहे. १९६०च्या दशकात येथे ‘जांगेर कोलोक’ हा नृत्यप्रकार सुरू झाला. जांगेर हे बालीतील तरुण-तरुणींचे लोकप्रिय समूहनृत्य असून बेंगकालात ते बहिरे कलावंत दिसणाऱ्या इशाऱ्यांवर ताल धरून सादर करतात.

गेल्या काही दशकांत मात्र या भाषेचा आधार हलू लागला आहे, आणि त्यामागची कारणे वाईट नाहीत. गावातील बहिरी मुले शिकण्यासाठी बाहेरच्या विशेष शाळांत जाऊ लागली. तेथे त्यांना इंडोनेशियातील शहरी सांकेतिक भाषा मिळाली, देशभरातील बहिऱ्या मुलामुलींची ओळख झाली, आणि गावाबाहेर लग्ने जुळू लागली. २००७ साली गावातील एका सरकारी प्राथमिक शाळेत बहिऱ्या आणि ऐकणाऱ्या मुलांना एकत्र शिकवण्याची सोय झाली आणि तेथे काता कोलोकही वापरली जाऊ लागली, ही फार मोलाची गोष्ट आहे. तरी लग्नांचा ओघ बाहेरच राहिला.

येथे पुन्हा किल्ल्यांच्या दाखल्याकडे यावे लागते. बहिरेपणाला कारण होणारी जनुके शंभरहून अधिक आहेत. बेंगकालातील बहिऱ्या तरुणाचे दुसऱ्या गावच्या बहिऱ्या तरुणीशी लग्न झाले आणि तिचे बहिरेपण दुसऱ्याच जनुकातून आलेले असेल, तर दोघांची कुलपे निराळी असतात. मुलाला वडिलांकडून पहिल्या कुलपाची मोडकी किल्ली मिळते, पण आईकडून त्याच कुलपाची चांगली किल्ली मिळते. दुसऱ्या कुलपाबाबत उलट होते. दोन्ही कुलपे उघडतात. आईवडील दोघेही बहिरे असूनही मुलाला ऐकू येते. त्या घराच्या दृष्टीने यात काहीच गैर नाही, पण गावात जन्मापासून बहिरी असलेली बाळे कमी होत जातात आणि काता कोलोक जिच्या हातांत प्रत्येक वेळी नव्याने घडत आली ती पिढीच रोडावते. ऐकणाऱ्या मुलांना ती आईवडिलांकडून मिळते खरी, पण त्यांच्यासमोर बाली आणि इंडोनेशियन या दोन भाषा सतत हजर असतात.

म्हणून या भाषेच्या चित्रफितींचा मोठा संग्रह अभ्यासकांनी नेदरलँड्समधील नायमेखन येथे जतन करून ठेवला आहे. गप्पा, गोष्टी आणि लहान मुलांचे पहिले संकेत त्यात आहेत. असे चित्रीकरण पाहणाऱ्याला एक नोंद हाताशी असावी लागते, ती म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला होते. ती नसेल तर पडद्यावर उंचावलेले बोट उगवत्या सूर्याकडे आहे की मावळत्या, डोंगराकडे आहे की कोणा शेजाऱ्याच्या घराकडे, हे बेंगकालाबाहेर बसून सांगता येत नाही.